लोखंडी अँगलला तार पक्की कशी बांधायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं वावर अकोल्याकडे, काळ्या जमिनीचं. सोयाबीन, तूर, मागून हरभरा. पहिल्यांदा तारेचं कंपाउंड केलं तेव्हा अँगल (इंग्रजी एल आकाराचे लोखंडी खांब) चांगले जाड घेतले, काटेरी तार चांगली घेतली आणि बांधायला मात्र घराच्या स्लॅबमधून उरलेली बाइंडिंग तार वापरली. दुसऱ्या पावसाळ्यानंतर हरभऱ्यात रानडुकरं शिरली. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन पाहिलं तर एकही खांब पडलेला नव्हता, एकही तार तुटलेली नव्हती. तुटल्या होत्या त्या बांधण्या. हात लावला की गंजून भुगा होत होता. तेव्हापासून स्वतःच्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या धुऱ्यावर हे काम करत आलो आहे आणि तेच तेच प्रश्न कानावर येतात. त्यांची उत्तरं इथे एका जागी लिहितो.

बांधायला नेमकी कोणती तार घ्यायची?

जस्ताचा मुलामा असलेली, म्हणजे जीआय तार, १४ गेजची. जाडी साधारण २ मिलिमीटर. हाताने वाकते, पकडीने पिळली जाते आणि जनावराने धडक मारली तरी उलगडत नाही. १६ गेज (साधारण १.६ मिलिमीटर) वरच्या ओळींना चालते. १२ गेज हाताला फार कडक पडते. चारशे बांधण्या करायच्या म्हटलं की मनगट दुखून येतं आणि शेवटच्या शंभर बांधण्या ढिल्या राहतात.

स्लॅबची काळी बाइंडिंग तार वापरूच नका. ती भट्टीत मऊ केलेली, बारीक आणि बिनजस्ताची असते. सळया बांधायच्या, वर काँक्रीट पडायचं आणि तिचं काम संपायचं, एवढ्यासाठीच ती बनवलेली आहे. उघड्यावर पावसात टिकण्यासाठी नाही.

मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आणलेली तांब्याची तारही काही जण वापरतात, कारण ती वाकवायला सोपी असते आणि गंजत नाही. ती गंजत नाही हे खरं, पण जिला बांधली तिला खाते. तांबं आणि जस्त ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की जस्त आधी झिजतं. म्हणजे बांधणी शाबूत राहते आणि खालच्या तारेचा मुलामा नेमका तिथेच उडतो. प्लास्टिकच्या पट्ट्या आमच्याकडच्या उन्हात कडक होऊन तुटतात. त्या तात्पुरत्या कामापुरत्याच.

अँगलला होल आहेत. तार नेमकी कशी अडकवायची?

ही पद्धत हाताला बसली की बाकीचं काम सोपं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तारेचे २० सेंटीमीटरचे, म्हणजे साधारण वीतभर लांबीचे तुकडे आधीच कापून ठेवा. अँगलची एक सपाट बाजू कुंपणाच्या ओळीत आणि तारेकडे तोंड करून असली पाहिजे. ओढून ताणलेली तार त्या सपाट बाजूवर टेकवा, होलाच्या अगदी खालून जाईल अशी. आता तुकड्याचं एक टोक समोरून होलात घालून मागे काढा. दुसरं टोक समोरच राहील. ते तारेवरून तिरकं खाली आणा, अँगलच्या मोकळ्या काठाला वळसा घालून मागे न्या. आता दोन्ही टोकं अँगलच्या मागे समोरासमोर आली. पकडीत दोन्ही धरा, आधी पकड स्वतःकडे ओढा, मग पिळा. ओढून पिळणं आणि नुसतं पिळणं यात फार फरक आहे. नुसतं पिळलं की पीळ घट्ट दिसतो, पण समोरचा वेढा ढिलाच राहतो.

तीन ते चार पीळ पुरेत. त्याहून जास्त दिले की तार मुळाशी पांढरट पडते आणि तुटते. तिथे तुटली नाही तरी मुलामा तडकतो आणि सहा महिन्यांनी तिथूनच गंज धरतो. उरलेलं टोक एक-दीड सेंटीमीटर ठेवून कापा आणि अँगलच्या खोबणीत आत वाकवून टाका. बाहेर राहिलेलं टोक बैलाच्या डोळ्यात किंवा निंदणाऱ्या बाईच्या हातात जातं.

अशा बांधणीत होल तारेची उंची धरून ठेवतं, तिरका वेढा तारेला अँगलपासून सुटू देत नाही आणि तार लांबीच्या दिशेला थोडी सरकू शकते. ही तिन्ही कामं वीतभर तारेत होतात.

सरकू कशाला द्यायची? आवळून बांधली तर जास्त पक्की नाही का होणार?

सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि सगळ्यात जास्त कुंपणं याच समजुतीने खराब होतात.

तारेचा ताण धरायचं काम कोपऱ्याच्या आणि टोकाच्या खांबांचं आहे. मधल्या खांबांनी तार फक्त ठरलेल्या उंचीवर आणि ओळीत ठेवायची. रोही (नीलगाय) धावत येऊन तारेवर आदळला, तर सरकू शकणारी तार तो धक्का पुढच्या-मागच्या पाच-सात गाळ्यांत (दोन खांबांमधल्या अंतरांत) वाटून देते, ताणली जाते आणि परत येते. तीच तार दोन्ही बाजूंच्या खांबांना करकचून आवळलेली असेल, तर सगळा धक्का त्या एका दहा फुटांच्या गाळ्यावर येतो. मग तार तुटते, नाहीतर अँगल वाकतो. काटेरी तारेला काट्यांमुळे तशी मर्यादा असतेच, चार-पाच इंचांहून जास्त ती सरकत नाही. पण तेवढं सरकणंही कामाला येतं. म्हणून वेढा दोन काट्यांच्या मधोमध घ्या, काट्याला खेटून नको.

बांधणी खाली घसरू नये आणि तार अँगलपासून सुटू नये, एवढी घट्ट हवी. बोटांनी तार धरून आडवी ओढली तर जराशी हलली पाहिजे.

मग होलातूनच तार ओवून घेतली तर?

साधी गुळगुळीत तार असेल तर जरूर ओवा. फक्त होलाची धार कानशीने मोडून घ्या, नाहीतर ती रोज थोडा थोडा मुलामा खरवडते. काटेरी तार ओवण्याच्या भानगडीत पडू नका. काटे अडकतात, म्हणून माणसं मोठी होलं पाडतात, अँगल कमजोर होतो. आणि पुढे एखादा तुकडा बदलायचा झाला तर सगळी ओळ उपसावी लागते.

तार खांबाच्या आतल्या बाजूला की बाहेरच्या?

ज्या बाजूने धक्का येणार त्या बाजूला. म्हणजे जनावर ढकलेल तेव्हा तार अँगलवर दाबली जाईल आणि भार लोखंड घेईल. उलट्या बाजूला बांधली तर सगळा भार त्या वीतभर बांधणीवर येतो. बाहेरून येणाऱ्या रानडुकरांसाठी आणि रोह्यांसाठी तार बाहेरून. आपलीच गुरं आत मोकळी सोडायची असतील तर आतून. दोन्ही असेल तर ज्याचा उपद्रव जास्त त्याचा विचार करा. आमच्या भागात ते बहुतेक वेळा रानडुक्करच असतं.

बिनहोलाचे अँगल आधीच रोवून झालेत. आता काय?

बॅटरीचं ड्रिल मशीन मिळालं तर उभ्या अँगललाच होल पाडता येतं. खडूने खूण करा, सेंटर पंचने टोचा, म्हणजे टोक घसरत नाही. ८ मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा ड्रिल बिट लावा, मशीन हळू फिरवा आणि तेलाचे दोन थेंब सोडत राहा. होल काठापासून दीड सेंटीमीटर आत ठेवा. फार काठावर घेतलं तर मधली पट्टी उघडते.

ड्रिल नसेल तर हेक्सॉने (लोखंड कापायच्या करवतीने) अँगलच्या मोकळ्या काठावर तिरकी खाच पाडा, आतल्या दिशेने खाली उतरणारी, चार-पाच मिलिमीटर खोल. बांधणीची तार त्या खाचेत बसवा आणि पूर्ण अँगलभोवती वळसा घालून पिळा. यासाठी तुकडा मोठा लागतो, ४० मिलिमीटरच्या अँगलला ३० सेंटीमीटरच्या आसपास. खाच याहून खोल नेऊ नका. खाच असो की होल, उघड्या पडलेल्या लोखंडाला त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग) लावा. उद्यावर टाकलं की राहून जातं.

खाचही नाही आणि होलही नाही, नुसताच वळसा, असं मात्र करू नका. वर्षभरात तो इंच-इंच खाली घसरतो आणि पाच ओळींच्या तीन ओळी एका जागी गोळा होतात. मधल्या मोकळ्या जागेतून डुक्कर आरामात जातं.

तार सरळ वेल्डिंग करून टाकली तर कायमचं काम नाही का होणार?

नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागचं जस्त जळून जातं आणि ओढून कडक केलेली तार मऊ पडते. ताणाखाली ती बरोबर त्या टाक्याशेजारी तुटते. शिवाय सरकण्याची सोयही गेली आणि बदलायची सोयही गेली. जस्त जळताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे वेल्डिंगवाल्यांना चांगलं माहीत आहे.

वेल्डिंग करायचीच असेल तर खांब रोवण्याआधी, दुकानातच करा. ६ मिलिमीटर सळईचे छोटे हुक किंवा कड्या अँगलला डकवून घ्या, रंग द्या आणि मग तार त्या कडीला बांधा. लोखंडाला लोखंड वेल्डिंगने, पण तार मात्र तारेनेच.

आमचे खांब गोल पाइपचे आहेत.

गोल पाइपवर वेढा फिरतो आणि घसरतो. आरपार होल पाडून बांधणीची तार त्यातून न्या, किंवा प्रत्येक ओळीच्या उंचीवर सळईचा एक इंचाचा तुकडा टेकू म्हणून डकवून घ्या. पाइपचं वरचं तोंड बंद करायला विसरू नका. पावसाचं पाणी आत साठलं की पाइप आतून गंजतो आणि बाहेरून ते कळतही नाही.

कोपऱ्याच्या खांबाला तार कशी संपवायची?

मधल्या खांबाच्या उलट. इथे तार अजिबात सरकता कामा नये.

आधी खांबाबद्दल. कोपऱ्याला ५० मिलिमीटरचा अँगल घ्या, मधल्यांना ४० चा असला तरी. खड्डा किमान दोन फूट, तळाशी थोडा रुंद, आणि काँक्रीट. काळी जमीन पावसात फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात नुसता माती-मुरूम ठोकून उभा केलेला कोपरा दोन वर्षांत कलतो. मग बांधणी कितीही चांगली असो, तार ढिली होणारच. कोपऱ्याच्या खांबाला तार दोन दिशांनी ओढते, म्हणून दोन टेके लागतात, तार जिकडे ओढते त्याच बाजूला, कुंपणाच्या ओळीत तिरके. टेक्याच्या पायालाही काँक्रीट. आणि काँक्रीट घातल्या दिवशी तार ओढायची नाही. मी किमान सात दिवस थांबतो आणि रोज पाणी मारतो.

आता तार. शेवटचे फूट-दीड फूट काटे कटरने काढून टाका. तार खांबाभोवती पूर्ण दोन वेढे घाला, टोक परत मागे आणा आणि ताणलेल्या तारेवरच सहा-सात घट्ट वेढे द्या, स्प्रिंगसारखे एकाला एक लागून. अँगलचा काठ धारदार असतो, ताण आला की तो तारेत रुततो. त्यासाठी ठिबकच्या जुन्या १६ मिलिमीटर नळीचा तुकडा उभा चिरून मी काठावर बसवतो आणि त्यावरून तार नेतो. फुकटची वस्तू आहे आणि उपयोग मोठा.

एका टोकाला असं बांधा आणि दुसऱ्या टोकाला लांब आट्यांचा हुक बोल्ट लावा. नट फिरवला की तार ताणली जाते. दर दिवाळीनंतर दोन-चार फेरे आवळले की काम झालं.

दोन बंडलांची टोकं कशी जोडायची?

दोन्ही टोकांचे फास करून एकमेकांत अडकवा आणि प्रत्येकाचं टोक आपापल्या तारेवर सहा वेढे गुंडाळा. जोड दोन खांबांच्या मध्ये येऊ द्या, खांबावर नको.

तार ओढायची कधी आणि किती?

सगळ्या ओळी आधी टोकांना ताणून घ्यायच्या, मधल्या खांबांना बांधायचं काम त्यानंतर. खांबामागून खांब बांधत जाणारे गडी पाहिले आहेत. त्यांच्या कुंपणात प्रत्येक गाळ्यात वेगळा झोळ असतो. एका ओढीत मी शंभर मीटरच्या वर जात नाही.

लोखंड उष्णतेने वाढतं. डिसेंबरची पहाट आणि मेची दुपार यांत तारेच्या तापमानात ४० अंशांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्याने शंभर मीटर तार जवळपास ५ सेंटीमीटर लांब-आखूड होते. उन्हाळ्यात भर दुपारी तंतुवाद्यासारखी ताणून बसवलेली तार थंडीत कोपऱ्याचे खांब आत खेचते. म्हणून मेमध्ये किंचित सैल, थंडीत थोडी जास्त ताणून. गाळ्याच्या मधोमध हाताने दाबून दीड-दोन इंच जाते, एवढा ताण मला बरोबर वाटतो.

ओढताना चामड्याचे हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. ताणलेल्या तारेच्या ओळीत कोणी उभं राहायचं नाही. तुटलेली काटेरी तार चाबकासारखी मागे येते. खरचटलं तर हळद लावून भागवू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं आहे का ते बघा.

रानडुक्कर खालच्या तारेखालून मुसंडी मारून जातं. बांधणीत काही करता येईल?

येईल. खालची ओळ जमिनीपासून सहा इंचांवर, तिच्यावर दुसरी आणखी सहा इंचांवर, आणि या दोन्ही ओळींना प्रत्येक खांबावर दुहेरी बांधणी. डुक्कर तार ढकलत नाही, नाकाडाने वर उचलतं. म्हणजे ताण बांधणीवर खालून वर येतो. म्हणून या दोन ओळींत तार होलाच्या वरून न्या आणि वेढा वरून खाली दाबेल असा घ्या. बाकीच्या ओळींच्या बरोबर उलटं.

त्याहून मोठा उपाय म्हणजे दोन खांबांच्या मधोमध सळईची खुंटी. १० मिलिमीटर सळईचा दोन फुटांचा तुकडा, वर हुकासारखा वाकवलेला, जमिनीत ठोकायचा आणि खालची तार त्या हुकात अडकवून बांधायची. दहा फुटांचा गाळा पाच फुटांचा होतो. धुऱ्यावर जिथे पाणी वाहून खळगा झाला असेल तिथे तर ही खुंटी लागतेच. तार सरळ रेषेत जाते, खाली खळगा तसाच राहतो आणि डुकराला तो रात्रीच्या अंधारातही सापडतो.

याच अँगलवर झटका मशीनची तार घेता येईल का?

येईल, पण लोखंडाला न टेकता. प्रत्येक खांबावर इन्सुलेटर लावून त्यातून साधी गुळगुळीत तार न्यायची. एका जागी जरी ती अँगलला टेकली तरी झटका जमिनीत उतरतो आणि पुढची सगळी ओळ मुकी होते. काटेरी तारेत झटका सोडायचा नाही, कारण काट्यांत अडकलेलं जनावर किंवा माणूस लवकर सुटू शकत नाही आणि झटके बसतच राहतात.

आणि घरची किंवा खांबावरची २३० व्होल्ट वीज कुंपणात कधीही सोडू नका. झटका मशीन क्षणभराचा झटका देऊन सोडतं, थेट वीज सोडत नाही. घरची वीज सोडलेल्या तारेला लागून आपल्या राज्यात शेतकरी, त्यांची मुलं, रात्री पाणी द्यायला निघालेले शेजारी गेले आहेत. तो गुन्हा आहेच, पण गुन्हा नसता तरी मी हेच लिहिलं असतं.

एका एकराला बांधणीची तार किती लागेल?

चौरस एकराची एक बाजू साधारण २०९ फूट, म्हणजे चारही बाजू मिळून ८३५ फुटांच्या आसपास. दहा फुटांवर एक खांब धरला तर ८४ खांब. पाच ओळी, म्हणजे ४२० बांधण्या. वीस सेंटीमीटरच्या हिशेबाने ८४ मीटर तार, १४ गेजमध्ये तिचं वजन सव्वादोन किलोही भरत नाही. खालच्या दोन ओळींची दुहेरी बांधणी आणि कोपरे धरून चार किलो आणा. अँगल आणि काटेरी तारेच्या खर्चापुढे ही रक्कम काहीच नाही, आणि तरी काटकसर नेमकी इथेच केली जाते.

धुरा जाळल्यावर बांधण्या लवकर गंजतात, हे खरं का?

खरं आहे. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वाळलेलं गवत, तुराट्या, पाचट पेटल्यावर खालच्या ओळींना त्याहून जास्त आच लागू शकते. तार उभी दिसते, पण मुलामा गेलेला असतो. धुऱ्यावरचं गवत कापा, कुंपणालगत पेटवू नका. वेलही चढू देऊ नका. पावसाळाभर ते बांधणी ओली ठेवतात.

तपासणी कधी करायची?

वर्षातून दोनदा. पेरणीच्या आधी एकदा आणि हरभरा टाकायच्या आधी एकदा. पकड, कापलेले तुकडे आणि रेड ऑक्साइडचा डबा घेऊन पूर्ण धुरा चालायचा, प्रत्येक बांधणीला हात लावायचा. तांबूस दिसली की तिथेच बदलायची. जुनी बांधणी आधी तोडू नका. नवी बांधून, पिळून झाली की मगच जुनी काढा, नाहीतर ताणलेली तार हातातून निसटते. कोपऱ्यांपासून सुरुवात करा आणि ओढ्याकडची बाजू शेवटी ठेवू नका, कारण डुकरं तिकडूनच येतात आणि संध्याकाळ झाली की तेवढंच राहून जातं.